काळी बिअर काळी का असते?

उंच ग्लासात काळीभोर बिअर आणि वर दोन बोटं जाड, सायीसारखा फेस. असा ग्लास टेबलावर आला की पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. ही फार कडक असते का? आणि एवढी काळी कशाने होते, रंग घालतात का हिच्यात? इंग्लंडमध्ये लीड्सला राहत असताना मी स्वयंपाकघरात स्टाउट, म्हणजे हीच काळी बिअर, करायला लागलो. तेव्हापासून घरी आलेल्या जवळपास प्रत्येक मराठी पाहुण्याने मला हेच विचारलं आहे, आणि बहुतेकांनी याच क्रमाने.

आपण क्रम उलटा लावू. रंग कुठून येतो हे कळलं की कडकपणाचं उत्तर सोपं होतं. शिवाय घरी काळी बिअर करताना हात कुठे सैल सोडायचा आणि कुठे आवरायचा, हेही त्याच उत्तरात आहे.

१. नाचणीच्या सत्त्वापासून सुरुवात

ज्या घरात बाळासाठी नाचणीचं सत्त्व झालं आहे, त्या घराला बिअरची अर्धी विद्या आधीच ठाऊक असते. नाचणी रात्रभर भिजत घालायची, उपसून फडक्यात बांधायची, मोड आले की वाळवायची आणि दळायची. मोड आलेल्या नाचणीची खीर साध्या पिठाच्या खिरीपेक्षा पातळ होते आणि चवीला गोडसर लागते. दाण्यात भरलेलं असतं पिष्ट, म्हणजे स्टार्च. कोंबाला वाढायला साखर लागते, म्हणून दाणा स्वतःच काही एन्झाइम तयार करतो. पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडून त्यांची साखर करणं हे या एन्झाइमांचं काम.

बिअरसाठी हेच बार्लीचं करतात. बार्ली म्हणजे आपले जव, काही भागांत सातू. मोड आणून गरम हवेत वाळवलेल्या बार्लीला माल्ट म्हणतात. साधा, फिकट माल्ट साधारण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास सुकवतात. एवढ्या कोरड्या उष्णतेत दाणा वाळतो, पण एन्झाइम शाबूत राहतात.

हा माल्ट भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की झोपलेले एन्झाइम जागे होतात आणि पिष्टाची साखर करून टाकतात. या पायरीला मॅश म्हणतात. तासाभराने चमचाभर पाणी चाखून पाहा, उसाच्या पातळ रसासारखं गोड लागतं. चोथा काढल्यावर उरलेल्या या गोड पाण्याचं नाव वर्ट. वर्ट हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. दुधाला विरजण लावावं तसं. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. जगातली कुठलीही बिअर, सोनेरी असो वा काळी, याच वाटेने जाते.

२. काळ्या मसाल्याची युक्ती

मग काळेपणा येतो कुठून? भाजण्यातून. रंग वगैरे काही घालावा लागत नाही.

काळा मसाला करणाऱ्या बाईला विचारा. ती सगळे जिन्नस एकदम कढईत टाकत नाही. धणे वेगळे, खोबरं वेगळं, दगडफूल वेगळं, आणि प्रत्येकाला किती आच द्यायची हे तिच्या नाकाला ठाऊक असतं. माल्टचंही तसंच. मोड आलेला दाणा ओला असतानाच बंद भट्टीत शिजवून मग भाजला, तर आतली साखर खडीसाखरेसारखी घट्ट होते. हा क्रिस्टल माल्ट, चव कॅरमलची. जरा जास्त भाजला की ब्राउन माल्ट, चव खरपूस पोळीची. २०० अंशांच्या वर नेला की चॉकलेट माल्ट. त्यात चॉकलेटचा कणही नसतो, नाव रंगावरून आणि वासावरून पडलं आहे. त्याच्याही पुढे काळा माल्ट. आणि मोड न आणता तशीच काळी होईपर्यंत भाजलेली बार्ली, ती भाजकी बार्ली. कोरड्या आयरिश स्टाउटची कॉफीसारखी चव तिचीच.

कॉफीसारखी चव यावी यात नवल नाही. कॉफीच्या बियाही जवळपास याच तापमानाला भाजतात. प्रथिनांचे घटक आणि साखर उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो प्रकारचे वास तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेला कांदा, खरपूस रवा, सगळीकडे तीच चालू असते.

आता महत्त्वाची गोष्ट. एवढ्या आचेत एन्झाइम मरतात. काळ्या दाण्यात पिष्टाची साखर करण्याची ताकद उरत नाही. रंग आणि चव तो भरपूर देतो, बाकीचं काम मात्र फिकट माल्टलाच करावं लागतं. म्हणजे काळी बिअर मुळात फिकट धान्याचीच बिअर असते आणि काळा दाणा हा तिच्यातला मसाला. रश्श्याचा रंग मसाल्याने येतो, पण पातेलंभर मसाला शिजवून रस्सा होत नाही.

हे पटवायला एक छोटा हिशेब करू. माल्टचा रंग मोजायचं एक माप आहे लोव्हिबॉन्ड. जोसेफ लोव्हिबॉन्ड हे इंग्लंडमधले बिअर उत्पादक. त्यांनी १८८५ मध्ये रंगीत काचांशी ताडून रंग मोजण्याचं उपकरण बनवलं. फिकट माल्टचा रंग या मापात साधारण २.५ येतो, भाजक्या बार्लीचा ५०० च्या घरात. आता दीड किलो फिकट माल्ट आणि २०० ग्रॅम भाजकी बार्ली घ्या. फिकट माल्टचा वाटा १.५ गुणिले २.५, म्हणजे पावणेचारच्या आसपास. भाजक्या बार्लीचा वाटा ०.२ गुणिले ५००, म्हणजे १००. वजनात आठवा हिस्सासुद्धा नसलेली बार्ली जवळपास सगळा रंग देऊन जाते.

पहिल्या खेपेला मी हा हिशेब केला नव्हता. काळी बिअर म्हणजे काळं धान्य जास्त, असं समजून दहा लिटरला ६०० ग्रॅम भाजकी बार्ली घातली. जी बिअर झाली तिला करपलेल्या भाकरीचा राखट वास होता आणि घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडत होती. रंग मात्र २०० ग्रॅमच्या बिअरपेक्षा डोळ्यांना वेगळा दिसत नव्हता. काळ्याहून काळं काय होणार?

३. कडक की नुसती काळी?

बिअर किती कडक हे यीस्टने किती साखर खाल्ली यावर ठरतं, आणि ते मोजायला हायड्रोमीटर लागतो. दूध भेसळीचं आहे का हे पाहायला डेअरीवर लॅक्टोमीटर बुडवतात, त्याच जातीची ही काचेची नळी. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. पाण्यात साखर विरघळली की ते जड होतं, नळी वर तरंगते आणि आकडा वाढतो.

आपल्या स्टाउटचा वर्ट यीस्ट घालण्याआधी १.०४१ दाखवेल. दोन आठवड्यांनी, बहुतेक साखर संपल्यावर, १.०१० दाखवेल. फरक ०.०३१. त्याला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते, साधारण ४.१. घरगुती बिअर करणारे जगभर याच ढोबळ सूत्राने चालतात.

डब्लिनच्या गिनेस ड्राफ्टमध्ये ४.२ टक्के अल्कोहोल असतं. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी सोनेरी बिअर सात-आठ टक्क्यांची असते. काळ्या ग्लासाला बिचकणारा पाहुणा रोज जी पितो, ती कितीतरी जास्त कडक. इम्पीरियल स्टाउटसारखे काही प्रकार नऊ-दहा टक्क्यांच्या पुढे जातात हे खरं, पण तेही फिकट माल्ट जास्त घातल्यामुळे. काळ्या दाण्याचा त्यात हात नाही. काळ्या बिअरमधून लोह मिळतं हा समजही असाच रंगावरून पडलेला. एका पाइंटमध्ये मिलिग्रॅमच्या एक तृतीयांशाहून जास्त लोह नसतं.

४. हमालांची बिअर आणि एक काचेची नळी

काळा दाणा मसाल्यासारखा वापरायचा हे शहाणपण पहिल्यापासून नव्हतं. ते यायला लंडनला जवळपास शंभर वर्षं लागली, आणि कारण ठरला हाच हायड्रोमीटर. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७२० च्या दशकात, लंडनमध्ये गडद तपकिरी बिअरचा एक प्रकार लोकप्रिय झाला. थेम्सच्या धक्क्यांवर आणि शहराच्या रस्त्यांवर ओझी वाहणारे हमाल ती आवडीने पीत. इंग्रजीत हमालाला पोर्टर म्हणतात, म्हणून बिअरचंही नाव पोर्टर. राल्फ हारवुड नावाच्या माणसाने ती १७२२ मध्ये शोधून काढली अशी कथा अजून सांगितली जाते. ती लिहिली गेली त्यानंतर ऐंशी वर्षांनी, आणि इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

तेव्हाची पोर्टर सगळीच्या सगळी ब्राउन माल्टची असे. हा माल्ट लाकडाच्या जाळावर सुकवत, त्यामुळे ताजी बिअर धुरकट आणि उग्र लागे. तो उग्रपणा जावा म्हणून ती महिनोन् महिने लाकडी पिंपांत मुरवत. मुरताना एक वेगळ्या जातीचं रानटी यीस्ट तिच्यात वाढे आणि जुन्या पोर्टरला तिची ओळखीची चव देई. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एन. हिएल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये ते ओळखलं आणि ब्रेटानोमायसेस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’, असं नाव दिलं.

मुरवायचं तर साठवायला जागा हवी. लंडनचे कारखाने अवाढव्य होत गेले. चिझवेल स्ट्रीटवरच्या व्हिटब्रेडच्या कारखान्यात १७८५ मध्ये बोल्टन आणि वॉट यांचं वाफेचं इंजिन आलं, आणि दोन वर्षांनी खुद्द राजा तिसरा जॉर्ज ते पाहायला गेला. साठवणीच्या हौदांची तर चढाओढ लागली होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्स शू ब्रुअरीत सुमारे २२ फूट उंचीचा एक हौद फुटला. लाकडी फळ्या आवळून धरणारं एक लोखंडी कडं त्याच दुपारी निसटलं होतं. बिअरचा लोंढा कारखान्याची भिंत पाडून मागच्या सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत घुसला. आठ जणांचा जीव गेला. सगळ्या बायका आणि मुलं. एका तळघरात लहान मुलाच्या मृत्यूनंतर जमलेली माणसंही त्यात होती. चौकशीत हे मृत्यू अपघाती आणि दुर्दैवाने झालेले ठरले आणि कारखान्याला भरपाई द्यावी लागली नाही.

हौद मोठे होत असताना, आत काय शिजतं याचा हिशेब मात्र बदलू लागला होता. जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये हायड्रोमीटरने बिअर कशी मोजायची यावर पुस्तक लिहिलं. कारखानदारांनी नळी वर्टमध्ये बुडवली आणि त्यांच्या लक्षात आलं की स्वस्तात मिळणारा ब्राउन माल्ट मुळीच स्वस्त नाही. किलोमागे फिकट माल्ट त्याच्यापेक्षा खूप जास्त साखर देतो. भाव जास्त असला तरी शेवटी फिकट माल्टच परवडतो. म्हणून ते फिकट माल्टकडे वळले. पण मग पोर्टरचा रंग गेला! गिऱ्हाइकाला तपकिरी पोर्टर हवी होती. कुणी जळकी साखर घाली, कुणी आणखी काही. सरकारने १८११ मध्ये साखरेच्या रंगाला परवानगी दिली आणि १८१६ मध्ये काढून घेतली. बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स सोडून काही नको, असा दंडक आला.

पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर यांनी कॉफी भाजण्याच्या यंत्रासारखं फिरतं लोखंडी पिंप करून त्यात माल्ट काळा भाजण्याचं पेटंट घेतलं. हा काळा माल्ट मूठभर घातला तरी पुरे. तो माल्टच असल्याने कायद्यातही बसे. आजही त्याला पेटंट माल्ट म्हणतात. तेव्हापासून काळी बिअर म्हणजे फिकट धान्य आणि मूठभर काळं, हा नियम झाला. दोनशे वर्षांनी मीसुद्धा तोच पाळतो.

डब्लिनमध्ये आर्थर गिनेस यांनी १७५९ मध्ये सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने, तब्बल ९,००० वर्षांच्या कराराने घेतली होती. सुरुवातीला ते एल नावाची बिअर बनवत. १७९९ मध्ये ते बंद करून त्यांनी फक्त पोर्टरवर लक्ष दिलं. जास्त कडक पोर्टरला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत, कारण स्टाउट या शब्दाचा बिअरच्या बाबतीतला अर्थच दणकट. पुढे पोर्टर शब्द गळून पडला. आज पोर्टर आणि स्टाउट यांच्यातली सीमा धूसर आहे. भाजक्या बार्लीची कॉफीसारखी चव पुढे आली तर स्टाउट, चॉकलेट आणि कॅरमल पुढे आलं तर पोर्टर, एवढा ढोबळ भेद घरच्या कामाला पुरतो.

हमालांची ही बिअर आपल्याकडेही आली. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या शिपायांसाठी पोर्टर जहाजांतून हिंदुस्थानात येई. मायदेशी परतायचं जहाज मिळेपर्यंत हे शिपाई नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत थांबत. कंटाळून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणू लागले तो शब्द तिथलाच. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने तोच शब्द नाव म्हणून घेतला.

५. डाळ न शिजणारं पाणी

बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, ही तक्रार दख्खनच्या कोणत्याही गावात ऐकू येते. डब्लिनचं आणि लंडनच्या विहिरींचं पाणीही चुनखडीच्या खडकांतून आलेलं, जड आणि अल्कलीयुक्त. अशा पाण्यात फिकट माल्ट एकटा भिजवला तर एन्झाइम नीट काम करत नाहीत, कारण त्यांना किंचित आंबट पाणी लागतं. काळे दाणे मुळात आंबट असतात. ते घातले की पाण्याचा अल्कलीपणा मारला जातो आणि मॅश नेमका हवा तिथे येतो. काळी बिअर या शहरांत रुजली त्यामागे हमालांची आवड होती, तसं तिथलं पाणीही होतं. आताच्या चेक प्रजासत्ताकातलं प्लझेन हे शहर याच्या अगदी उलट. तिथलं पाणी पावसासारखं हलकं, आणि तिथे जन्मली सोनेरी पिल्सनर.

तुमचं पाणी हलकं असेल तर काळे दाणे मॅश फार आंबट करतील आणि बिअर बोचरी लागेल. चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. जड असेल तर काहीच करू नका.

६. कायदा आणि विषाची भीती

कृतीकडे जाण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, मग ते घरच्यापुरतं का असेना. पुढची कृती जिथे कायद्याने परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरचा परवाना आणि कर काढून टाकला. विकायला मात्र बंदी आहे. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये अशाच कायद्यावर सही केली. तिथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरहून थोडी जास्त बिअर करता येते.

दुसरी गोष्ट भीतीची. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून ‘घरी केलेली’ म्हटलं की लोक दचकतात. ती दचक योग्यच आहे, पण तिचं कारण समजून घ्या. अशा दुर्घटनांत मारणारं मिथेनॉल बहुतेक वेळा औद्योगिक रसायन म्हणून बाहेरून मिसळलेलं असतं. बिअर ऊर्ध्वपातनाने, म्हणजे हातभट्टीसारखी वाफ गोळा करून काढत नाहीत, आणि धान्य आंबवताना तयार होणारं मिथेनॉल नगण्य असतं. घरगुती बिअरमधला खरा धोका बाटली फुटण्याचा. तो टाळायचा कसा, ते पुढे येईल.

७. दहा लिटर स्टाउट

सामान: २० लिटरचं पातेलं, त्यात मावेल अशी जाळीची किंवा पातळ कापडाची पिशवी, तापमापक, हायड्रोमीटर, झाकणाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) असलेली १५ लिटरची प्लास्टिकची बादली आणि जाड काचेच्या बिअरच्या बाटल्या.

धान्य: दीड किलो फिकट एल माल्ट, ३५० ग्रॅम पोहे केलेली बार्ली, २०० ग्रॅम भाजकी बार्ली. सगळं भरडलेलं, पीठ केलेलं नाही. बार्लीचे पोहे रंग देत नाहीत, पण बिअरला दाटपणा आणि टिकाऊ फेस देतात. एका किलो फिकट माल्टमधून घरच्या पद्धतीने एका लिटरला साधारण २१० अंश (हायड्रोमीटरच्या आकड्यातले हजारांश) साखर उतरते. या हिशेबाने दीड किलोचे ३१५, पोह्यांचे ६५, भाजक्या बार्लीचे ३०. बेरीज ४१०. दहा लिटरला वाटली की ४१, म्हणजे १.०४१. मघाचा आकडा इथून आला होता.

१५ लिटर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवा. पाच लिटर जास्त वाटतील, पण दोन लिटर धान्य पितं आणि बाकीचं उकळताना उडतं. पिशवी पातेल्यात लावून त्यात धान्य हलवत हलवत सोडा, गुठळ्या राहू देऊ नका. तापमान ६६ वर स्थिरावेल. पातेलं झाकून, जुन्या रजईत गुंडाळून तासभर ठेवा. ज्यांना भाजक्या चवीचा करकरीतपणा नको त्यांनी भाजकी बार्ली आदल्या रात्री गार पाण्यात भिजवून ठेवावी आणि नुसतं गाळलेलं काळं पाणी उकळीच्या शेवटी घालावं. कोल्ड ब्रू कॉफीचीच ही पद्धत, आणि चव खरोखर मऊ येते. मी मात्र तासभर मॅशमध्येच ठेवतो. स्टाउटला थोडी धार हवी असं माझं मत आहे.

पिशवी वर उचलून निथळू द्या. चक्क्याचं फडकं टांगतो तसं. वर्टला खळखळून उकळी आली की २५ ग्रॅम फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्स हॉप्स घाला आणि तासभर झाकण न ठेवता उकळा. कडूपणा हॉप्समधून याच तासात उतरतो. दुसऱ्या खेपेचे सुगंधी हॉप्स स्टाउटला लागत नाहीत.

आता पातेलं सिंकमध्ये गार पाण्यात आणि बर्फात ठेवून २० अंशांच्या खाली आणा. इथून पुढे प्रत्येक वस्तू जंतुनाशकात बुडवलेली हवी. चमचा, बादली, हात, सगळं. गोड, कोमट वर्ट हे जंतूंसाठी आयतं जेवण असतं. बादलीत वर्ट उंचावरून, फेस येईल असा ओता. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. एल यीस्टच्या ११ ग्रॅमच्या पाकिटातलं अर्धं पुरे.

१८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन दिवसांच्या अंतराने दोनदा हायड्रोमीटर बुडवा. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच बाटल्या भरा. बाटल्या फुटतात त्या बहुतेक याच घाईने. यीस्टचं जेवण उरलेलं असताना बाटली बंद केली की ते आतच जेवतं, वायूला जायला वाट नसते आणि काच फुटते.

भरताना दहा लिटरला ५० ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, घाला. यीस्ट ती खाऊन बाटलीत हवा तेवढा फसफसाट आणतं. काट्यावर मोजा, अंदाजाने नको. १०० ग्रॅम गेली तर साध्या बाटलीला तो दाब धोक्याचा आहे. गिनेसचा तो मखमली फेस मात्र घरी साधत नाही, कारण तो नायट्रोजनचा असतो. मायकेल अ‍ॅश यांनी ही पद्धत बसवली आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. नायट्रोजन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून बुडबुडे अगदी बारीक राहतात. बार्लीच्या पोह्यांनी आपण त्याच्या थोडं जवळ जातो.

दोन आठवड्यांनी पहिली बाटली उघडा, पण सगळ्या नाही. सहाव्या आठवड्यात भाजकी चव गोलाईला येते. ग्लासाचा तळ ट्यूबलाइटसमोर धरून पाहा. कडेला गडद लाल दिसेल, कोकमाच्या आगळासारखं.

पोर्टर करायची असेल तर भाजकी बार्ली आणि पोहे दोन्ही काढून टाका. १.७ किलो फिकट माल्ट, २५० ग्रॅम ब्राउन, १५० ग्रॅम क्रिस्टल, १२० ग्रॅम चॉकलेट. काळ्या दाण्याचा वाटा वीसात एक, बाकी सगळं तसंच. लीड्सला मी ती ऑक्टोबरमध्ये भरत असे आणि चार बाटल्या पुढच्या उन्हाळ्यासाठी कपाटाच्या तळाशी ठेवत असे. तोवर ब्राउन माल्टचा कडवटपणा निवलेला असतो आणि वास सुक्या अंजिरासारखा येऊ लागतो.